करडीत भिजलेली रबरं

राधाकिसन मिस्त्रीच्या दुकानात पाऊल टाकायचं तर आधी हात धुवायचे, असा नेम होता. देवळात नसेल एवढं सोवळं त्या पत्र्याच्या शेडमध्ये! दाराशी बादली, बादलीशेजारी राखेची वाटी आणि साबणाचा तुकडा. लॉरीचा मालक असो नाहीतर क्लीनर, मिस्त्री वर न बघताच म्हणायचा, "हात धू आधी." जालन्याच्या मोटार अड्ड्यावर या नेमाची मनसोक्त टिंगल चालायची, आणि टिंगल करणाऱ्यांत आबाराव सगळ्यांच्या पुढं असायचा. "आज मिस्त्रीनं जानवं कानाला लावून ब्रेक बांधला म्हणं," असलं काहीतरी तो सोडून द्यायचा आणि हॉटेलवाला कारभारी चहा गाळता गाळता हसायचा.

आबाराव आष्टीकडचा. बापाची मेंढरं होती, मागाहून मेंढरं विकून मोटेची विहीर झाली. आबारावला मात्र लहानपणापासून मोटारीचं वेड. क्लीनरकी करत करत तो ड्रायव्हर झाला आणि आता चाळिशीत, खेड्यापाड्यांत फिरता दवाखाना चालवणाऱ्या सेवा मंडळाच्या घरगाडीवर होता.

ही घरगाडी म्हणजे लढाईतली जुनी रुग्णगाडी. लिलावात घेऊन मंडळानं ती डॉक्टरीण शरयूबाई परतूरकरांना दिली होती. आत दोन फळ्यांचे पलंग, औषधांचं कपाट, स्टोव्ह, पाण्याची टाकी. शरयूबाई आणि त्यांची नर्स गोपिकाबाई चार-चार दिवस गावोगाव हिंडायच्या, त्या गाडीतच निजायच्या, गाडीतच भात टाकायच्या. आबाराव बाहेर, गाडीखाली कांबळं अंथरून. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, खेड्यात डॉक्टर दिसणं मुश्किल, त्यात बाईमाणूस डॉक्टर! गाडी दिसली की बाया हातातलं काम टाकून धावत यायच्या. आबारावची छाती तेव्हा अशी फुगायची, जणू नाडी तोच बघणार आहे.

पण गाडी म्हातारी झाली होती. इंजिनाला काही धाड भरली नव्हती, रबरं गेली होती. खिडक्यांची रबरं वाळून तडकली होती, काचा दिवसभर खडखडायच्या, धूळ आत येऊन पलंगावर बसायची. आणि चाकातल्या ब्रेकच्या वाट्या, म्हणजे मोठ्या बटणाएवढी काळी रबरं, झिजून त्यातून ब्रेकचं तेल पाझरायला लागलं होतं. राधाकिसननं सांगितलं, "बाई, एवढ्या बदला. मी लोखंड बनवून देतो, पण रबर मला बनवता येत न्हाई."

मंडळाचे चिटणीस नरहरराव वकील. त्यांनी मुंबईला पत्रावर पत्रं लिहिली. चार महिन्यांनी रेल्वेनं पार्सल आलं. शरयूबाईंनी ते आबारावच्या हातात दिलं. म्हणाल्या, "जपून ठेवा, आबाराव. मिस्त्री पुढच्या सोमवारी बसवून देतो म्हणालाय. ही हरवली तर परत चार महिने मिळायची नाहीत."

आबारावनं जपून ठेवली. जपायच्या नादातच तर सगळा घोळ झाला!

त्यानं पार्सल घरी सोडलं. वाट्या बोटात दाबून बघितल्या. कडक लागल्या. खिडकीचं रबर वाकवून बघितलं, तेही कोरडं ठाक. आणि त्याला बापाची आठवण झाली. नवी मोट आणली की बाप ती कधी तशीच विहिरीत सोडायचा नाही. आधी करडीचं तेल. तीन दिवस कातड्याला तेल पाजायचं, पायानं तुडवायचं, उन्हात ठेवायचं, परत पाजायचं. मग ती मोट अशी लुसलुशीत व्हायची की दहा वर्षं भेगेचं नाव नको. शेजारचा रखमाजी घाई करायचा आणि वर्षात त्याची मोट फाटायची. आबारावनं हे दोन्ही डोळ्यांनी बघितलेलं. आता तुम्हीच सांगा, अशा माणसानं कोरडं ठाक रबर हातात आल्यावर काय करावं?

त्यानं भगुणं घेतलं, करडीचं तेल ओतलं आणि ब्रेकच्या वाट्या त्यात सोडल्या. खिडक्यांच्या रबरांना बोटानं तेल चोळून ती उन्हात टाकली.

बायको कडूबाई चुलीपासून ओरडली, "हे काय वडे सोडून राह्यले का तेलात?"

"तुला काय कळतंय? पाच वर्षं जास्ती टिकतील."

"मिस्त्रीला इचारलं का?"

"मिस्त्रीला काय इचारायचं? त्याच्या बापानं मोट बघितली होती का कधी?"

तीन दिवसांनी त्यानं वाट्या काढल्या, फडक्यानं लख्ख पुसल्या आणि कागदात जशाच्या तशा बांधल्या. बोटाखाली मऊ लागत होत्या. तो स्वतःवर भलताच खूश झाला.

सोमवारी राधाकिसननं हात धुतले, आबारावला धुवायला लावले आणि गाडी ठोकळ्यांवर चढवली. आबाराव समोर पेटीवर बसला. एकेक वाटी घेऊन मिस्त्री ती चाकातल्या नळीत बसवत होता. दुसऱ्या वाटीला त्यानं हात थांबवला.

"हे तेलकट कामून लागतंय, आबा?"

आबारावच्या ओठांवर उत्तर आलं होतं. मोठ्या तोऱ्यात सांगायचं होतं त्याला, की म्या पाजलंय तेल. पण मिस्त्रीच पुढं बोलला, "कारण बघ, रबराला एरंडेलाशिवाय दुसरं तेल चालत न्हाई. इंजिनाचं न्हाई, खायाचं न्हाई. दुसरं तेल लागलं का रबर फुगतं, सडतं. म्हणून तर मी हात धू, हात धू करून मरतो. तुम्ही हसा खुशाल."

आबारावचं तोंड जागच्या जागी मिटलं. चार वर्षं ज्या नेमावर आपण अड्ड्याला हसवलं, त्याचं कारण हे! आता खरं सांगितलं तर मिस्त्री म्हणणार, मोटवाला तो मोटवालाच राहिला, आणि उद्या सगळा अड्डा आपल्यावर हसणार. तो म्हणाला, "कंपनीचंच लावलेलं आसंल."

"आसंल," राधाकिसन म्हणाला. "जरा घट्ट बसून राह्यल्यात. नवा माल हाय." आणि त्यानं पुढची वाटी उचलली.

एवढंच. एक वाक्य. बोलायला किती वेळ लागला असता? पण आबारावनं मनाची समजूत काढली की आपण पुसल्यात चांगल्या, तीन दिवसांनी काय होतंय, मिस्त्री उगाच बाऊ करतो. समजूत पटली नाही, तरी त्यानं ती धरून ठेवली.

पंधरा दिवसांत खिडक्यांना बसवलेली नवी रबरं चिकट व्हायला लागली. गोपिकाबाईंच्या पांढऱ्या लुगड्याला काळे डाग पडले. त्यांनी विचारलं, "आबाराव, हे नवं रबर म्हणता आणि गुळासारखं काय हो पाघळतंय?" आबाराव म्हणाला, "ऊन लई हाय, बाई." फाल्गुनाचा महिना. ऊन होतंच. पण त्या दिवसापासून तो ब्रेकवर पाय जपून ठेवायचा. दर उताराला तो मनात म्हणायचा, जालन्याला गेलो की मिस्त्रीला सांगतो. जालना यायचं, आणि तो कारभारीकडं चहा पिऊन घरी जायचा.

चतुर्थीला घरगाडी राजूरला असायची. गणपतीला दर्शनाला माणूस लोटतं, बाया-लेकरं येतात, म्हणून शरयूबाई त्या दिवशी तिथंच दवाखाना मांडायच्या. त्या सकाळी गाव दिसायला लागलं, उतार लागला, खाली नारळा-फुलांची पालं आणि माणसांची ही गर्दी! आबारावनं ब्रेकवर पाय दिला. पाय खाली गेला तो थेट फळीला टेकला. खाली काही नव्हतंच.

तो ओरडला की काय केलं, त्याला आठवत नाही. त्यानं गिअर पाडला, हातब्रेक ओढला, भोंगा दाबून धरला. गाडी तरीही घसरतच होती. डाव्या अंगाला एका शेतकऱ्यानं कडब्याची गंज रचली होती. त्यानं चाक तिकडं वळवलं आणि गाडी गंजीत घुसली. कपाट उघडून बाटल्या फुटल्या, सगळीकडं औषधाचा वास सुटला, आणि आतून गोपिकाबाई किंचाळल्या. पलंगाच्या लोखंडावर आपटून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं.

लोक धावत आले. आणि काय सांगावं, त्यांनी आबारावलाच उचलून धरलं! "ड्रायव्हर वाघ हाय! गर्दीत घातली असती तर शंभर माणूस मेलं असतं." कुणीतरी त्याच्या हातात नारळ दिला. शरयूबाई गोपिकाबाईंच्या हाताला फळी बांधत होत्या. बांधता बांधता वर बघून म्हणाल्या, "आबाराव, आज तुम्ही होतात म्हणून वाचलो." आबाराव नारळ हातात धरून उभा होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

लॉरीला बांधून गाडी जालन्याला आणली. नरहररावांनी मंडळाच्या अंगणात दुसऱ्या गॅरेजच्या बद्रीनाथला बोलावून चाकं उघडायला लावली. राधाकिसनलाही बोलावलं होतं. पहिल्या चाकातनं वाट्या निघाल्या त्या सुजलेल्या, मऊ, कडा फाटलेल्या. बद्रीनाथनं बोटात चेपली तर बोटाला काळं लागलं.

"ह्या नव्या?" बद्रीनाथ हसला. "वकीलसाहेब, नवं रबर तीन आठवड्यात असं होत न्हाई बिलकुल. ह्या जुन्याच परत घातल्यात. नव्या गेल्या कुठं ते इचारा."

राधाकिसन पुढं आला. त्यानं बद्रीनाथच्या हातातली वाटी घेतली, उलटी-सुलटी केली, नाकाजवळ नेली. मग नरहररावांकडं न बघता त्यानं आबारावकडं बघितलं.

"आबा, तू समोर बसला होतास ना? सांग यांना. मी नव्या घातल्या का जुन्या?"

आता हो म्हटलं, नव्याच घातल्या म्हटलं, की पुढचा प्रश्न येणार. नव्या, तर मग सडल्या कशानं? वकील माणूस समोर. तो एकातनं दुसरा प्रश्न काढत भगुण्यापर्यंत पोचणार. आबारावला हे सगळं एका क्षणात दिसलं.

"मी... होतो तसा," तो म्हणाला.

"होतास ना? मंग सांग. नव्या का जुन्या?"

"माझं ध्यान न्हवतं तकडं."

राधाकिसनचा चेहरा हलला नाही. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, अगदी हळू, घरातल्या माणसाला विचारावं तसं. "नीट आठव, आबा. पार्सल तूच आणून दिलंस. कागद तूच सोडलास. नव्या का जुन्या?"

"ध्यानच न्हवतं म्हणलं ना!" आबाराव खेकसला. खेकसला, कारण नुसतं बोलला असता तर आवाज फुटला असता.

"झालं तर मग," नरहरराव म्हणाले. "मिस्त्री, पोलिसात देत नाही, तुझ्या म्हाताऱ्या आईकडं बघून. पण मंडळाच्या गाडीला परत हात लावायचा नाही." राधाकिसननं त्या सडक्या वाट्या फडक्यात बांधल्या, खिशात घातल्या आणि तो निघून गेला.

अड्ड्यावर बातमी पोचायला वेळ लागतो होय? लॉरीवाले मिस्त्रीच्या दारावरून गाडी पुढं काढून बद्रीनाथकडं न्यायला लागले. "मिस्त्री, जरा हवा बघा, पण चाकं आमची आम्हाला परत द्या हो!" असं जाता जाता ओरडायचे. त्याला त्यांनी 'रबरचोर' असं नाव पाडलं. एकदा कारभारीच्या हॉटेलात कुणीतरी म्हणालं, "हात कामून धुतो आता कळलं, चोरीचे डाग जायाला पाहिजेत ना!" सगळे खदखदून हसले. त्यात आबारावही हसला. हसून झाल्यावर त्यानं बशी तशीच ठेवली आणि उठला.

घरी कडूबाई दारात बसली होती. ती त्याच्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "उषाबाई विहिरीवर येईना गेली. मिस्त्रीची बायको. बाया टोचून बोलायल्या म्हणं. आता लांबच्या आडावर जाती, एकटी."

आबाराव तिला ओलांडून आत निघाला.

"गोपिकाबाईंकडं गेल्ते आज. हात गळ्यात बांधलाय. त्या म्हणल्या, नवी रबरं पाघळली. मी मनात म्हणलं, पाघळणारच." कडूबाईनं आवाज चढवला नाही, तेच वाईट. "भगुणं मी घासलंय, धनी. तीनदा राख लावली तरी रबराचा वास जाईना. माझ्यापाशी काय लपवून राह्यले?"

"गप बस तू."

"मी गपच हाय. पंधरा दिवस गपच हाय. मलाबी त्या उषाबाईला तोंड दाखवायची लाज वाटती, आन् तुम्ही अड्ड्यावर जाऊन हसता?"

हसल्याचं तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. आबारावनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लाजेनं माणूस रडतो हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं. तो रडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो राधाकिसनच्या दुकानी गेला. शेड रिकामी होती. एरवी तीन-तीन गाड्या नंबर लावून असायच्या, तिथं एका सायकलचं चाक पडलं होतं. मिस्त्री पाने पुसत बसला होता. वर न बघता म्हणाला, "हात धू आधी."

आबारावनं हात धुतले. राख लावून, साबण लावून धुतले. मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बापाची मोट, करडीचं तेल, तीन दिवस, भगुणं. सांगताना एकदाही मान वर केली नाही.

राधाकिसननं पेटीतनं फडकं काढलं, सोडलं आणि एक वाटी त्याच्यापुढं धरली. "वास घे."

आबारावनं घेतला. ब्रेकच्या तेलाच्या आडून करडी येत होती. बापाच्या विहिरीवरचा तोच वास.

"चाक उघडलं तव्हाच मला कळलं," राधाकिसन म्हणाला. "आमच्याबी घरी भाकरीवर हेच तेल आसतं. मला वळखू येत न्हाई?"

"मंग... तव्हाच बोलला कामून न्हाई, मिस्त्री?"

"कोण ऐकलं असतं? चोर म्हणून उभा केला होता मला. चोरानं दुसऱ्याचं नाव घेतलं तर लोक काय म्हणतात? म्हणून तुला इचारलं. तू तेलाचं सांग असंबी म्हणलो न्हाई. नव्या का जुन्या, एवढंच इचारलं. एकदा न्हाई, तीनदा इचारलं, आबा."

आबारावला वाटलं, यानं उठून दोन कानाखाली लावाव्यात. मिस्त्री काही उठला नाही. पाना पुसत म्हणाला, "घट्ट बसल्या तव्हा मीबी थांबायला पाहिजे होतं. तेवढी चूक माझी. बाकीची तुझी. आन् मला कानात सांगून काय करू? मला तर माहीतच हाय."

आबाराव तिथून निघाला तो सरळ शरयूबाईंकडं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. तो वाट बघत होता, आता नोकरीवरून काढतील. त्या एवढंच म्हणाल्या, "गोपिकाबाईंना सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं. पलीकडच्या खोलीत जाऊन सांगावं लागलं. गोपिकाबाई डाव्या हातानं तांदूळ निवडत होत्या. ऐकल्यावर ताट बाजूला सारून म्हणाल्या, "अरे मेल्या, आणि मी पंधरा दिवस तुला वाघ म्हणतेय की रे! येईल त्याला सांगतेय!" रागानं त्यांचे डोळे भरून आले. "जा बाबा, माझ्यापुढं उभा राहू नको आज."

मग अड्डा. संध्याकाळची गर्दी, बाकड्यांवर लॉरीवाले, बद्रीनाथसुद्धा होता. आबाराव कारभारीच्या भट्टीजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "ऐका हो सगळे. राधाकिसन मिस्त्रीनं रबरं चोरली न्हाईत. नव्याच घातल्या. सडवल्या मी." आणि त्यानं पुन्हा सगळं सांगितलं.

एकजण फिदीफिदी हसला. "काय पाजलं रे मिस्त्रीनं तुला?"

"बापाची शपथ!"

"आरं जा! त्या दिवशी ध्यान न्हवतं, आन् आता सगळं ध्यानात आलं होय? भगुण्यासकट?" बद्रीनाथ म्हणाला. "करडीचं तेल तर आपण खातो. त्यानं कुठं रबर सडतंय?" सगळे हसले. आबाराव एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला. त्यानं शिव्या खायची तयारी केली होती, मारसुद्धा. आपलं खरं कुणी ऐकूनच घेणार नाही, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. महिन्याभरापूर्वी एक शब्द पुरला असता, आज अख्खी कहाणी पुरेना.

तो तडक मिस्त्रीकडं परत गेला. "दोन वाट्या द्या. नव्या. एका मापाच्या." राधाकिसननं त्याच्याकडं निरखून बघितलं आणि काही न विचारता फळीवरच्या डब्यातनं लॉरीच्या ब्रेकच्या दोन काढून दिल्या; घरगाडीला त्या बसणाऱ्या नव्हत्या. आबारावनं कारभारीकडनं बिस्किटांच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या मागितल्या. सगळ्यांदेखत एकीत एरंडेल ओतलं, दुसरीत घरून आणलेलं करडीचं. एकेक वाटी आत सोडली. झाकणांवर कारभारीची लाख लावली, तिच्यावर बद्रीनाथचाच अंगठा उठवला, म्हणजे पुन्हा बोलायला जागा नको. बरण्या चहाच्या कपांच्या वरच्या फळीवर ठेवल्या.

"पंधरा दिवसांनी बघा," तो म्हणाला.

ते पंधरा दिवस आबारावनं कसे काढले, त्याचं त्याला माहीत. चहा प्यायला येणारा प्रत्येक माणूस वर बघायचा. चौथ्या दिवसापासूनच फरक दिसायला लागला. एरंडेलातली वाटी होती तशी, करडीतली फुगत चालली. "आबारावचा वडा फुलून राह्यला रे!" लॉरीवाले ओरडायचे. परगावचा कुणी आला की कारभारी त्याला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायचा, आणि आबाराव समोर असला तर बोटानं दाखवायचा. आबारावनं हॉटेल चुकवलं नाही. रोज आला, त्या फळीखालीच बसला. कान तापायचे, मान वर होत नसे, पण बसला.

पंधराव्या दिवशी नरहरराव आले, शरयूबाई आल्या. बद्रीनाथनं आपला अंगठा ओळखला, लाख फोडली. राधाकिसननं ब्रेकची नळी आणली होती. एरंडेलातली वाटी अंगठ्यानं दाबताच आत गेली. करडीतली नळीच्या तोंडाशीच अडली. जोर लावला तशी कड फाटली आणि बद्रीनाथच्या बोटाला काळं लागलं. या वेळी कुणी हसलं नाही. नरहररावांनी घसा साफ केला. "मिस्त्री, गैरसमज झाला आमचा." राधाकिसननं मान हलवली, नळी पुसली आणि तो दुकानी गेला. लोक आपापल्या बश्या उचलायला लागले.

नव्या वाट्यांचं पार्सल आषाढात आलं. या वेळी ते शरयूबाईंनी स्वतःकडं ठेवलं. आबारावला नोकरीवरून काढलं नाही, पण पार्सल त्याच्या हाती दिलं नाही, आणि त्यानंही मागितलं नाही. ठरल्या दिवशी त्यानं गाडी मिस्त्रीच्या दारात लावली. शरयूबाईंनी पुडा मिस्त्रीच्या हातात दिला आणि त्या गेल्या. शेडमध्ये पुन्हा दोन लॉऱ्या उभ्या होत्या, त्यांचे ड्रायव्हर बाहेर बिड्या ओढत होते. आबारावनं कुणी सांगायच्या आत हात धुतले आणि तो बाजूला, भिंतीशी उभा राहिला.

"तिकडं कामून उभा?" राधाकिसन म्हणाला. त्यानं पायानं ती पेटी पुढं सरकवली. "हितं बस. समोर. आन् आज ध्यान दे."

आबाराव बसला. राधाकिसननं कागद सोडला, पहिली वाटी उचलली आणि त्याच्या डोळ्यांपुढं धरली.

"नवी का जुनी?"

बाहेरचे ड्रायव्हर बोलायचे थांबले. आबारावनं मान वर केली.

"नवी," तो म्हणाला.

"ऐकू आलं न्हाई."

"नवी!"

मिस्त्रीनं ती एरंडेलात बुडवली, नळीत बसवली, आणि दुसरी उचलली. "ही?"

"नवी, मिस्त्री."

चार चाकं, आठ वाट्या. प्रत्येक वाटीला राधाकिसननं विचारलं आणि प्रत्येक वेळी आबारावनं उत्तर दिलं, रस्त्यापलीकडं कारभारीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आठव्या वाटीला त्याचा आवाज फुटला, पण तो शब्द त्यानं पुरा केला.